पोचल्याचा फोन

या लेखात कुणाचंही नाव येणार नाही. साहेबांचं नाही, त्यांच्या ड्रायव्हरचं नाही, तो ज्या शहरात राहायचा त्या शहराचंही नाही. वाचणाऱ्याला वाटेल, काय मोठा गुप्तहेर लागून गेलाय. तसं काही नाही. आळेफाट्यावर माझा एसटीडीचा बूथ होता. डावा पाय पोलिओनं गेलेला, म्हणून अपंगांच्या कोट्यातून मिळालेला. आणि अख्ख्या फाट्यावर माझ्याइतकं बोलणारा दुसरा माणूस नव्हता. गाडी बदलायला उतरलेल्या पाव्हण्याचं गाव, आडनाव, पोरीच्या लग्नाचं कुठवर आलंय, हे पाच मिनिटांत मला कळायचं आणि दहाव्या मिनिटाला शेजारच्या हॉटेलवाल्या अण्णांना. नावं न घेता बोलायला मी फार उशिरा शिकलो.

साहेब पहिल्यांदा बूथवर आले तेव्हा कांद्याच्या ट्रकांची रांग लागली होती आणि धुळीनं समोरचा रस्ता दिसत नव्हता. पन्नाशीचा सडपातळ माणूस, भर उन्हाळ्यात अंगात खिशाखिशांचं जाकीट. आत आले, काचेच्या केबिनकडे पाहिलं आणि मला विचारलं, "मागून बाहेर जायला वाट आहे का?"

मला वाटलं, माणूस अडचणीत आहे. म्हटलं, "हाय की. मागच्या दारानं जावा, बाभळीपाशी."

ते खरंच मागे गेले, बाभळ पाहिली, पलीकडे रस्ता कुठे निघतो तेही पाहिलं आणि परत येऊन म्हणाले, "ठीक आहे. दिल्लीला फोन लावायचाय." पुढे कळलं, ज्या जागेला दोन दारं नाहीत तिथं ते सहसा बसायचे नाहीत. अण्णांच्या हॉटेलला एकच दार. तिथं त्यांनी बाकडं फिरवून घेतलं, पाठ भिंतीला आणि तोंड दाराकडे. अण्णा म्हणाले, "आवो राव, मिसळच हाय, कोण पळवून न्हेत न्हाई."

साहेब परदेशी बातमीदार होते. म्हणजे जातीनं आपलेच, आंबेगावच्या पश्चिमेकडच्या डोंगरातले. त्यांचं गाव धरणाच्या पाण्यात गेलं तेव्हा ते कुठल्या तरी तिसऱ्याच देशात लढाईच्या बातम्या देत होते. घोडेगावला वसतिगृहात राहून शिकले, मग पुणं, मग दिल्ली, आणि मग पंधरा-वीस वर्षं जिथं गोळ्या चालतील तिथं. इंग्रजीत बातम्या, आणि दोन लढायांच्या मध्ये इंग्रजीतच पुस्तकं. कथा-कादंबरी नव्हे, सगळं घडलेलं. "सगळ्या जगाच्या बुडालेल्या गावांवर लिहिलं," ते एकदा म्हणाले, "आपल्या गावाची तेवढी चार ओळींची बातमीसुद्धा दिली नाही." आता नोकरी सोडून जवळच आळे गावात एका मावशींच्या घरी दोन खोल्या घेऊन ते तिसरं पुस्तक लिहीत होते. गाव त्यांना आधी सीआयडी समजलं, मग वेडे, आणि शेवटी नुसतं 'साहेब' म्हणू लागलं.

वेडे समजण्याला कारण होतं. राहायला आल्या आल्या त्यांनी खिडक्यांच्या सगळ्या काचांवर कागदाच्या पट्ट्या फुलीसारख्या चिकटवल्या. मावशींना वाटलं, करणीचा प्रकार आहे. त्यांनी गुपचूप लिंबू-मिरची आणून दाराला टांगली. साहेबांनी विचारलं, हे काय? मावशी म्हणाल्या, "तुमी तुमचं बघा, मी माजं बघते."

पुढच्याच महिन्यात शेजारच्या वावरात विहीर खोल करायला सुरुंग लावले. मी त्या दिवशी दिल्लीहून आलेला निरोप द्यायला तिथं गेलो होतो. साहेब अंगणात उभे राहून माझ्याशी बोलत होते. धडाम आवाज झाला आणि शेजारी साहेब नाहीत. बघतो तर जमिनीला पालथे चिकटलेले, दोन्ही हात मानेवर. विहिरीवरचे गडी हसायला लागले. खोटं कशाला बोलू, मीही हसलो.

"साहेब, हिर हाय ती. हिरीला सुरुंग लावलाय."

"मला माहीत आहे," ते पडल्या पडल्या म्हणाले. "अंगाला माहीत नाही."

उठून त्यांनी कपडे झटकले, मला बसायला सांगितलं आणि चहा करायला आत गेले. बराच वेळ झाला तरी आले नाहीत म्हणून मी डोकावलो, तर स्टोव्ह पेटवायला काडी ओढत होते आणि काडी पेटीवर लागतच नव्हती, खाली मोडक्या काड्यांचा ढीग. मी पेटवून दिली. तेव्हापासून मी त्यांना हसायचं सोडलं. बाकी त्या सुरुंगानं मावशींच्या दोन काचा तडकल्या, साहेबांच्या खोल्यांतली एकही नाही, आणि आठवड्याभरात मावशींच्याही खिडक्यांवर फुल्या दिसू लागल्या.

त्यांचं एक म्हणणं होतं. एक माणूस सांगतो ती गप, दोघे सांगतात ती अफवा, तिघांनी वेगवेगळं सांगून जुळली तर बातमी. हे ते नुसतं लिहिण्यात पाळत नसत. कल्याणची गाडी गेली का, हे मला विचारायचे, मग अण्णांना, मग एसटीच्या कंट्रोलरला. एकदा तिघांची खात्री होईपर्यंत गाडी खरंच निघून गेली. तरी चेहऱ्यावर समाधान असं, की आता बातमी पक्की झाली.

पण माझं-त्यांचं खरं नातं जुळलं ते पोचल्याच्या फोनामुळं. आपल्याकडेही निघताना म्हणतातच, पोचल्यावर फोन कर. फोन आला नाही तर आपण म्हणतो विसरला असेल, आणि जेवून घेतो. साहेबांच्या धंद्यात तसं नव्हतं. निघणाऱ्यानं सांगायचं, कुठं चाललोय आणि किती वाजता पोचणार. मागे राहिलेल्यानं घड्याळ पाहायचं. ठरल्या वेळेच्या वर अर्धा तास झाला की वाट बघायची नाही, शोध सुरू करायचा. हा मागे राहणारा माणूस म्हणून त्यांनी मला नेमलं. लढाया संपल्या होत्या, पण साहेब ओतूरला केस कापायला निघाले तरी खिडकीशी येऊन सांगायचे, "ओतूर. चारपर्यंत परत."

एकदा साडेचार झाले. मी पाचपर्यंत वाट पाहायला हवी होती का नव्हती, हे मलाच कळेना. फाट्यावरच्या एका जीपवाल्याला पिटाळलं. तो ओतूरला पोचला तेव्हा साहेब तोंडाला साबण लावून न्हाव्याच्या खुर्चीत बसले होते, रांग लांब म्हणून नंबर आत्ताच लागलेला. मला वाटलं आता बोलणी खावी लागणार. तर साहेब परत आले ते चार जणांना सांगत, की वीस वर्षांत इतक्या वेळेवर माझा शोध कुणी घेतला नव्हता. मला म्हणाले, "तू या कामाला जन्मला आहेस." घरी जाऊन मी हे बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "त्येंना काय ठावं, तुमाला दुसऱ्याची काळजी करायला निमित्तच लागतं."

पुस्तकाची पानं ते हातानं लिहायचे, आळ्याहून पायी यायचे आणि माझ्या फॅक्स मशिनीतून दिल्लीला प्रकाशकाकडे पाठवायचे. अर्ध्या पानावर लाइन तुटायची, परत पहिल्यापासून. तेवढ्या वेळात ते मला त्या पानाचा अर्थ मराठीत सांगायचे. मला इंग्रजी बेताचंच, पण पुस्तक मी असं ऐकून ऐकून सगळं वाचलं. त्यात मला आवडायचा तो ड्रायव्हर.

हा ड्रायव्हर त्या शहरात चार वर्षं साहेबांच्या सोबत होता. गाडी तोच चालवायचा, भाषा तोच समजावून सांगायचा, कुठल्या गल्लीत आज जायचं नाही हे वासावरून तोच ओळखायचा. पुढं शहर दुसऱ्यांच्या हातात गेलं. साहेबांना शेवटच्या विमानात जागा मिळाली, एकच. "आम्ही निघून येतो रे," साहेब म्हणायचे, "तो तिथंच राहतो." नवे राज्यकर्ते परदेशी बातमीदारांसाठी काम केलेल्या माणसांना हुडकून काढत होते. ड्रायव्हर सारखा घरं बदलत होता. म्हणून दर गुरुवारी दुपारी बारा ते एकमध्ये कुठल्या तरी व्यापाऱ्याच्या दुकानातून तो माझ्या बूथवर फोन करायचा. बोलायचा एकच शब्द, साहेबांनी शिकवलेला. "पोचलो." साहेबही म्हणायचे, "पोचलो," आणि फोन ठेवायचे. तो गुरुवार पार पडला की साहेब अण्णांकडे जाऊन मिसळ मागवायचे आणि पाव जास्तीचा घ्यायचे.

पण फोन आधी उचलणार मी. साहेब केबिनमध्ये जाईपर्यंत पाच-सात सेकंद मिळायचे, कधी ते बाथरूमला गेलेले असले तर मिनिटभर. तो ड्रायव्हर हिंदी शिकला होता सिनेमे बघून, मी टीव्ही बघून. दोघंही तोडकंमोडकं, त्यामुळे छान जमलं. तेवढ्या वेळात मला कळलं, की त्याला तीन मुली आहेत, धाकटीला दमा आहे, एक भाऊ आहे पण धामधुमीत कुठं गेला पत्ता नाही. घर बदलल्यावर मी सवयीनं विचारलं, नवं घर कुठं? तोही आपल्यासारखाच. म्हणाला, बेकरीच्या मागं, निळ्या दरवाजाची गल्ली, आओ कभी. मी म्हटलं, जरूर.

साहेब दोन दिवस पुण्याला गेले होते. तो मंगळवार होता. फोन वाजला. पलीकडे गोड, अदबीचा आवाज, हिंदी माझ्यापेक्षा स्वच्छ. सलाम झाला, तब्येतीची चौकशी झाली. "मैं उनका भाई हूँ," म्हणाला, आणि ड्रायव्हरचं नाव घेतलं. "बहुत ढूँढा. दुकानवाले ने यह नंबर दिया. माँ बीमार है, उसको देखना चाहती है. घर बदल लिया, मालूम नहीं किधर."

आमच्याकडे पत्ता विचारणाऱ्याला नुसता हात करून कुणी दाखवत नाही. त्याच्यासोबत चालत जातात, दार वाजवतात, घरातल्यांना हाक मारतात, चहा झाल्याशिवाय निघत नाहीत. मी इथून चालत जाऊ शकत नव्हतो एवढंच. हरवलेला भाऊ सापडला, म्हातारी आजारी, माझे डोळे भरून आले. मी बेकरी सांगितली, निळा दरवाजा सांगितला. धाकटीच्या दम्याचं सांगितलं, दवा घेऊन जा म्हणून. वर फुशारकीनं हेही सांगितलं, की तुमच्या भावावर आमचे साहेब पुस्तक लिहितायत, मोठं नाव होणार आहे त्यांचं. तो म्हणाला, शुक्रिया, आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी साहेब गाडीतून उतरले तसा मी कुबडी घेऊन पुढं गेलो. "साहेब, खुशखबर हाय. तुमच्या ड्रायव्हरचा भाऊ सापडला."

सगळं ऐकून ते माझ्याच स्टुलावर बसले. पाठ दाराकडे होती, त्यांच्या लक्षातही आलं नाही.

"तुला पत्ता कसा माहीत?"

"मी इचारला व्हता."

"त्याला भाऊ आहे?"

"हाय म्हणला व्हता. तुमाला ठावं न्हाई?"

"नाही," साहेब म्हणाले. "चार वर्षं शेजारी बसलो. मी कधी विचारलं नाही."

मग त्यांनी वही काढली आणि तो फोन मला शब्दाशब्दानं सांगायला लावला. एकदा, दोनदा, तीनदा. आवाज कसा होता, वय काय वाटलं, मागं काय ऐकू येत होतं. तिसऱ्या वेळी मला आठवलं, मागं खरखर होती. फाट्यावर पोलिसांची जीप उभी राहिली की तिच्यातल्या वायरलेसची असते तसली. हे मी सांगितलं तेव्हा साहेबांचं पेन थांबलं. ते मला एक शब्द वाईट बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. ते व्यापाऱ्याच्या दुकानाचा नंबर लावत बसले. घंटा जायची, कुणी उचलायचं नाही.

गुरुवारी बारा वाजता आम्ही दोघं फोनसमोर बसलो. एक वाजला, दीड वाजला. अर्धा तास उलटला की शोध सुरू करायचा, हा नियम मला पाठ होता. मी विचारलं, "साहेब, आता काय करायचं?" ते म्हणाले, "तिथं शोधायला माझा एकच माणूस होता. तोच."

त्यानंतरचे दिवस मला नीट आठवत नाहीत. जेवण जायचं नाही. झोपेत मला बेकरी दिसायची, मी न पाहिलेली, आणि मी स्वतःच पुढं होऊन निळं दार वाजवत असायचो. बायकोला मी सांगितलं तेव्हा ती माझ्या पानाशेजारी बसून राहिली. फाट्यावर सगळ्यांना कळलं होतं, कारण पहिल्या दिवशी आनंदाच्या भरात मीच सगळ्यांना सांगितलं होतं. आता जो तो येऊन विचारायचा, "आला का रं फोन?" अण्णा गुरुवारी बारा वाजता हॉटेलातला टेप बंद करायला लागले. कांद्याच्या ट्रकवाल्यांनासुद्धा हॉर्न वाजवू नका म्हणायचे.

पुस्तक तोवर दिल्लीत छापायला चाललं होतं. साहेबांनी एक पान लिहून आणलं आणि म्हणाले, "लाव." ड्रायव्हरचा सगळा भाग काढून टाका, नाव बदलून नको, खुणा पुसून नको, तो माणूसच नको, असं त्यात होतं. दिल्लीवाल्यांचा लगेच उलट फोन आला. मला बाहेर ऐकू येत होतं. साहेब नुसते "नो" म्हणत होते. समोरचा बराच वेळ बोलायचा, साहेब परत तेच. बाहेर येऊन म्हणाले, "म्हणतात, मग उरलं काय?" मी विचारलं, "काय उरलं?" ते म्हणाले, "रस्ते." दोन वर्षांचं काम होतं ते. पुढं पुस्तक आलं, बारीकसं, आणि पेपरवाल्यांनी लिहिलं म्हणे, की यात माणसंच नाहीत. त्यांना काय माहीत, माणूस होता, आणि माझ्या तोंडामुळं तो पुस्तकातूनही गेला.

मी एकदा म्हटलं, "साहेब, मला शिव्या तरी घाला."

"बातमी मेली तर चालते," ते म्हणाले, "सांगणारा मेलेला चालत नाही, हे मी शंभर पोरांना शिकवलं. तुला शिकवलं नाही. रोज तुझ्याकडं येत होतो, आणि तुला बूथवाला समजत होतो. चूक माझी आहे." मला ते पटलं नाही, आजही पटत नाही.

सहाव्या गुरुवारी सकाळी माझ्या फोनला डायल टोनच नव्हता. फाट्यावरचे सगळेच फोन गेले होते. मी रडकुंडीला आलो. नेमका आजच आला तर? साहेब म्हणाले, "मी नारायणगावला जाऊन बसतो. तिथल्या बूथचा नंबर त्या दुकानात आधीच देऊन ठेवलाय, अडीअडचणीला." आणि मिळेल त्या गाडीनं गेले.

तीनच्या सुमाराला ते परत आले. गाडीतून उतरले तेच हात वर करून. मी त्यांना इतकं मोठ्यानं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"आला फोन. तो भाऊच होता रे. खरा भाऊ. तू पत्ता दिलास म्हणून त्याला घर सापडलं. त्यानंच सगळ्यांना रातोरात सरहद्दीपलीकडं काढलं. म्हातारीसकट. आता समुद्राकाठच्या एका गावात आहेत, हवा चांगली आहे. तुला सलाम सांगितलाय."

मी रस्त्यावरच बसलो आणि रडलो. अण्णांनी गिऱ्हाईकं सोडून येऊन मला उठवलं. सगळा फाटा गोळा झाला. अण्णांनी टेप लावला, भजी तळायला घेतली, एसटीचा कंट्रोलरसुद्धा गाड्या सोडून भजी खायला आला. साहेब सगळ्यांच्या मध्ये उभे राहून तीच हकिकत परत परत सांगत होते. प्रत्येक वेळी अगदी तीच, शब्दानं इकडेतिकडे नाही. घरी गेलो तर बायकोनं आधीच ऐकलं होतं. त्या दिवशी मी सहा आठवड्यांनी पोटभर जेवलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाइनमन आला. फोन सुरू करून दिला, चहा घेतला. मी म्हटलं, "काय राव, कालचाच दिवस गावला व्हता का?"

"आमी काय करणार? पाइपासाठी खंदताना मेन केबल तुटली. फाटा, ओतूर, नारायणगाव, समदं आंधळं. मंचरच्या अलीकडं एक फोन चालू न्हवता. सकाळधरनं पार सांजपतूर."

"नारायणगाव बी?"

"तितंच तर तुटली व्हती."

मी त्याला परत विचारलं. त्यानं परत तेच सांगितलं. मी म्हटलं, "हे फाट्यावर कुणाला बोलू नगंस." तो म्हणाला, "आता ह्यात काय बोलायचंय?" आणि सायकलवर बसून गेला.

बूथ बंद करून मी आळ्याला गेलो. विचारणारच होतो. अंगणात पोचलो तर खिडकी उघडी होती. साहेब जमिनीवर, भिंतीकडे तोंड करून बसले होते. पुढं वही नाही, पेपर नाही, काही नाही. ज्या माणसानं कल्याणच्या गाडीची तिघांकडे खात्री केल्याशिवाय पाय उचलला नाही, त्यानं काल भर रस्त्यात हात वर करून एवढं सांगितलं होतं, आणि ते माझ्या एकट्यासाठी. त्याला खरं काय कळलं होतं, का काहीच कळलं नव्हतं, हे मला कळायला मार्ग नव्हता. मी कुबडीचा आवाज न करता मागं फिरलो. मावशींनी हाक मारली तर हातानंच नको म्हटलं.

त्यानंतर साहेब दोन वर्षं आळ्याला होते. पुढचं पुस्तक त्यांनी घाट आणि खिंडींवर लिहिलं, त्यातही माणसं फारशी नव्हती. बूथवर यायचे ते बुधवारी आणि शुक्रवारी. गुरुवारी आम्हा दोघांनाही काही ना काही काम निघायचं. कुणी ड्रायव्हरचं विचारलं तर साहेब म्हणायचे, "बरे आहेत," आणि मी काउंटर पुसायला लागायचो. मी बोलणं कमी केलं होतं. लोकांना वाटायचं, वयानं झालं.

मग मोबाइल आले. मी बूथची काच काढून रिचार्ज विकायला लागलो. साहेब बहिणीकडे पुण्याला गेले. अधूनमधून फोन यायचा, ओतूरची वांगी कशी आहेत वगैरे. एके दिवशी बहिणीचा आला, की दादा तुमची आठवण काढतायत, जमलं तर लवकर या.

तिसरा मजला, लिफ्ट नव्हती. कुबडीवर चढून पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. साहेब पलंगावर उशांना टेकून होते. हाडं दिसत होती, नाकाला नळी. मला पाहिलं आणि बहिणीला म्हणाले, जरा बाहेर जा. ती गेली. त्यांनी माझा हात धरला, आणि श्वास पुरा होण्याची वाट पाहत थांबून थांबून बोलायला लागले.

"तुला एक सांगायचं राहिलंय. त्या दिवशी मी नारायणगावला गेलो होतो ना..."

मला कळलं काय येणार आहे. इतकी वर्षं मला तेच हवं होतं, आणि आता नको झालं. माझ्यासाठी नव्हे. हा माणूस आयुष्यात एकदाच खोटं बोलला होता, आणि ते कबूल करून, मला परत त्या निळ्या दरवाजापाशी नेऊन सोडून, तो स्वतः कसा निघणार होता? मी मध्येच बोलायला लागलो, पूर्वी बोलायचो तसं.

"आवो साहेब, मी मगाशी जिना चढताना तेच म्हणत व्हतो. ड्रायव्हरची थोरली आता लग्नाची झाली असंल. का झालं बी असंल?"

ते माझ्याकडे बघत राहिले. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी पुसलं नाही.

"झालं," ते म्हणाले. "मागच्या वर्षी."

"जावई काय करतो?"

"शिक्षक आहे. पोरगा चांगला आहे."

"आन मधली?"

मधलीला शिकायचं होतं. आम्ही तिला नर्सिंगला घातलं. धाकटीचा दमा त्या हवेनं बरा केला. म्हातारीला आणखी दोन वर्षं दिली आणि मग झोपेत नेली. भावाला बेकरीत लावावं, असं मी म्हटलं, साहेब म्हणाले, नको, त्याला होडी घेऊन देऊ. जिथं माझं चुकायचं तिथं ते दुरुस्त करायचे, त्या देशात असं नसतं म्हणायचे. बहीण चहा घेऊन आत आली तेव्हा आम्ही धाकटीला शाळेत घालत होतो, आणि शाळा घरापासून किती लांब ठेवायची यावर आमचं जरा अडलं होतं.